संगणकाचा हजेरीपट

शाळामास्तर सेवानिवृत्त झाला तरी हजेरीपट कांहीं त्याच्या डोक्यांतून जात नाहीं. आज मी आपल्याशीं अशाच एका हजेरीपटाविषयीं बोलणार आहें. मात्र हा पट मुलांचा नव्हे. संगणकाला जोडलेल्या साठवणीच्या साधनांचा आहे. संगणक सुरू होतांना कोणतें साधन कोणत्या जागीं बसावयाचें, तें या पटांत लिहिलेलें असतें. विषय रूक्ष वाटण्याचा संभव आहे. म्हणून हा पट न लिहिल्यामुळें माझ्या घरांतून काय गेलें, तें प्रथम सांगतों.

माझी आई जात्यावर ओव्या म्हणत असे. १९८६ सालच्या उन्हाळ्यांत मीं तिच्या ओव्या एका साध्या टेपरेकॉर्डरवर उतरवून घेतल्या. अकरा कॅसेटी भरल्या. पुढें आई गेली. कॅसेटी कपाटांत राहिल्या. सेवानिवृत्तीनंतर सवड झाली तेव्हां एकेक कॅसेट लावून ती संगणकांत उतरविण्याचें काम मीं हातीं घेतलें. माझ्या संगणकावर लिनक्स ही कार्यप्रणाली आहे. एकाच डिस्कवर भरंवसा ठेवूं नये, एवढें शहाणपण मला होतें. म्हणून दुसरी हार्ड डिस्क आणली, ती 'बॅकअप' नांवाच्या कप्प्याला जोडली, आणि रोज रात्रीं दोन वाजतां सर्व ओव्यांची नक्कल त्या कप्प्यांत आपोआप पडावी अशी व्यवस्था केली. अकराहि कॅसेटी उतरून झाल्या. त्यांतील दोन कॅसेटींना बुरशी लागली होती. आतां नक्कल आहे, नक्कलेची नक्कलहि आहे, असें म्हणून त्या दोन मींच टाकून दिल्या.

कांहीं महिन्यांनीं संगणकाची मुख्य डिस्क बंद पडली. मी निर्धास्तपणें दुसरी डिस्क उघडून पाहिली, तों तिच्यांत पहिल्या चारच कॅसेटी! उरलेल्या सातांचा मागमूस नाहीं. पांच पुन्हा मूळ कॅसेटींवरून उतरवितां आल्या. टाकून दिलेल्या दोन कॅसेटींतील ओव्या मात्र आतां कोठेंच नाहींत.

चूक कोठें झाली, हें समजण्यासाठीं लिनक्सचें घर कसें बांधलेलें आहे तें पाहिलें पाहिजे.

१९६९ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन टॉमसन आणि डेनिस रिची यांनीं यूनिक्स या कार्यप्रणालीस आरंभ केला. १९९१ सालीं फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठांत शिकणाऱ्या लायनस टोरवाल्ड्स या तरुणानें लिनक्सचा गाभा लिहिला, तो याच यूनिक्सची घडण डोळ्यांपुढें ठेवून. विंडोज प्रणालींत प्रत्येक डिस्कला सी, डी, ई असें एकेक अक्षर मिळतें. जणुं प्रत्येकीचें घर निराळें. यूनिक्सच्या कुळांत तसें नाहीं. तेथें सगळा मिळून एकच वाडा. त्याचा मूळ दरवाजा म्हणजे एक तिरकी रेघ. आणि घरांतील प्रत्येक वस्तूचा पत्ता त्या रेघेपासून सुरू होतो.

मग दुसरी डिस्क आणली तर ती ठेवावयाची कोठें? वाड्याच्या भिंतींत एक कोनाडा करावयाचा, आणि त्यांत ती डिस्क एखाद्या लोखंडी पेटीप्रमाणें बसवावयाची. या बसविण्याला माउंट करणें म्हणतात. पेटी बसली म्हणजे कोनाड्याचा पत्ता तोच पेटीचा पत्ता होतो. त्या पत्त्यावर आपण जें ठेवूं तें पेटींत पडतें.

आतां एक गोष्ट नीट ध्यानांत घ्यावी. पेटी नसली तरी कोनाडा असतोच. पेटी काढून घेतली आणि कोणी त्याच पत्त्यावर वस्तु ठेवली, तर ती खालीं पडत नाहीं, कीं कोणी 'पेटी कोठें आहे' म्हणून विचारीत नाहीं. वस्तु मुकाट्यानें कोनाड्यांत, म्हणजे वाड्याच्या भिंतींतच राहते. पुढें केव्हां तरी पेटी पुन्हा बसविली, तर ती वस्तु पेटीच्या मागें दडते. असून दिसत नाहीं. आणि भिंत कोसळली, तर भिंतीबरोबर तीहि जाते.

माझें नेमकें हेंच झालें. दुसरी डिस्क मीं हातानें आज्ञा देऊन बसविली होती. हातानें बसविलेली पेटी संगणक चालू आहे तोंवरच बसलेली असते. चार कॅसेटी उतरून झाल्या असतां एका संध्याकाळीं वीज गेली, संगणक बंद पडला, पुन्हा सुरू झाला. पेटी कांहीं पुन्हा बसली नाहीं. त्या दिवसापासून रोज रात्रीं दोन वाजतां नक्कल इमानानें पडत होती. पण ती रिकाम्या कोनाड्यांत, म्हणजे ज्या डिस्कपासून संरक्षण हवें होतें तिच्यावरच! मुख्य डिस्क गेली तेव्हां मूळ प्रत आणि नक्कल एकदमच गेल्या.

यावर उपाय म्हणजे तो हजेरीपट. इटीसी नांवाच्या कप्प्यांत एफएसटॅब नांवाची एक साधी मजकुराची फाइल असते. 'फाइल सिस्टिम टेबल' याचें तें लघुरूप. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठानें काढलेल्या यूनिक्सच्या आवृत्तींत ती १९८० सालीं आली आणि आजतागायत चालूं आहे. संगणकाची कळ दाबली म्हणजे प्रथम यंत्रांतील उपजत सूचना जाग्या होतात. त्यांच्या मदतीनें लिनक्सचा गाभा स्मृतींत येतो. मुख्य डिस्क मूळ जागीं बसते. आणि पुढील कारभार एका व्यवस्थापकाच्या हातीं जातो. आज बहुतेक प्रमुख वितरणांत हा व्यवस्थापक म्हणजे सिस्टिमडी. तो २०१० सालीं पुढें आला. तो एफएसटॅब उघडतो आणि एकेका ओळीप्रमाणें एकेक पेटी आपापल्या कोनाड्यांत बसवितो. माणसानें आठवण ठेवण्याचें कारण उरत नाहीं.

या फाइलींत एका साधनाला एक ओळ, आणि ओळींत सहा रकाने. रकान्यांमध्यें रेघा नसतात. नुसती मोकळी जागा सोडावयाची. म्हणूनच कोनाड्याच्या नांवांत मोकळी जागा असूं नये हें बरें. असलीच, तर तिच्या ऐवजीं उलटी तिरकी रेघ आणि तिला जोडून शून्य, चार, शून्य हे अंक लिहावे लागतात.

पहिल्या रकान्यांत साधनाची ओळख. दुसऱ्यांत कोनाड्याचा पूर्ण पत्ता. तो कोनाडा, म्हणजे रिकामा कप्पा, आपण आधीं तयार करून ठेवावा. तिसऱ्यांत पेटीच्या आंतील मांडणीची जात: लिनक्सच्या डिस्कवर ती बहुधा एक्सट-चार असते, पेन ड्राइव्हवर पुष्कळदां व्हीफॅट किंवा एक्सफॅट. चौथ्यांत अटी. विशेष अट नसेल तर 'डीफॉल्ट्स' हा शब्द लिहावा. एकाहून अधिक अटी असतील तर मध्यें स्वल्पविराम द्यावा, मोकळी जागा सोडूं नये. पांचवा रकाना पूर्वींच्या डंप नांवाच्या नक्कल घेणाऱ्या कार्यक्रमासाठीं होता. आज तेथें बहुतेक सर्वत्र शून्य लिहितात. सहाव्यांत आरंभींच्या तपासणीचा क्रम: मुख्य डिस्कला १, इतर डिस्कांना २, तपासणी नको असेल तर शून्य.

हें वाचून मीं लगेच ओळ लिहिली आणि समाधानानें झोपलों. येथें माझी दुसरी चूक झाली. ती पहिल्या रकान्यांतली.

लिनक्स ज्या क्रमानें डिस्का सांपडतील त्या क्रमानें त्यांना नांवें देतें: पहिली एसडीए, दुसरी एसडीबी, तिसरी एसडीसी; आणि डिस्कवर भाग पाडलेले असतील तर पुढें एक, दोन असे आंकडे. माझी दुसरी डिस्क त्या दिवशीं एसडीबी-एक होती. मीं तेंच लिहून ठेवलें. कांहीं दिवसांनीं माझ्या नातीनें शाळेच्या प्रकल्पाचा पेन ड्राइव्ह यंत्राला लावला आणि तो तसाच राहिला. दुसऱ्या दिवशीं सकाळीं कळ दाबली, तों नेहमींचें चित्र येईना. काळ्या पडद्यावर पांढरीं अक्षरें, आणि त्यांत 'इमर्जन्सी मोड' असे शब्द. नात घाबरली. म्हणाली, "आजोबा, मीं कांहीं बिघडवलें का हो?"

"नाहीं ग बाळ," मीं म्हटलें, "तुझ्या आजोबांनीं हजेरी बाकावरून घेतली, नांवावरून घेतली नाहीं."

झालें होतें तें एवढेंच. त्या सकाळीं पेन ड्राइव्ह आधीं सांपडला, तो एसडीबी झाला. माझी डिस्क सरकून एसडीसी झाली. पटांत एक्सट-चार जातीची पेटी लिहिलेली, आणि त्या बाकावर बसलेला भलताच! व्यवस्थापकानें पेटी बसविण्याचें नाकारलें आणि काम थांबविलें. ही माझ्या सुदैवाची गोष्ट. दोन्ही साधनें एकाच जातीचीं असतीं, तर चुकीची पेटी निमूटपणें बसली असती, आणि आईच्या ओव्या नातीच्या पेन ड्राइव्हवर जाऊन पडल्या असत्या.

नवा शिक्षक पहिल्या आठवड्यांत मुलांना बाकावरून ओळखतो. 'तिसऱ्या बाकावरचा दुसरा' म्हणून हांक मारतो. एक मुलगा नवा आला, एक गैरहजर राहिला, कीं सगळें चुकतें. जुना शिक्षक नांवानें ओळखतो. संगणकांतहि तसेंच. प्रत्येक मांडणीला, ती तयार होते त्याच वेळीं, एक दीर्घ ओळखक्रमांक मिळतो. त्याला यूयूआयडी म्हणतात. ० ते ९ हे अंक आणि ए ते एफ हीं अक्षरें मिळून त्यांत ३२ चिन्हें असतात. मध्यें चार आडव्या रेघा देऊन त्यांचे पांच गट केलेले असतात. व्हीफॅटच्या पेन ड्राइव्हला मात्र आठच चिन्हांचा आंखूड क्रमांक असतो. डिस्क कोणत्याहि खोबणींत लावली, आधीं सांपडली वा नंतर, तरी हा क्रमांक बदलत नाहीं. तो पाहण्यासाठीं बीएलकेआयडी ही आज्ञा आहे. क्रमांक हातानें टंकित करूं नये. पडद्यावरून उचलून जसाच्या तसा चिकटवावा. एका अक्षरानें चुकला तर तो दुसऱ्याच कोणाचा होतो, म्हणजे बहुधा कोणाचाच नाहीं.

दोन सावधगिरी येथें सांगितल्या पाहिजेत. डिस्क पुसून नव्यानें मांडणी केली, तर क्रमांकहि नवा होतो. तेव्हां पटांतील ओळ बदलावी लागते. उलट, एका डिस्कची हुबेहूब, कणाकणानें प्रत दुसऱ्या डिस्कवर काढली, तर दोघींचा क्रमांक एकच होतो. अशीं जुळीं एकाच वेळीं यंत्राला लावून ठेवूं नयेत.

माझी सुधारलेली ओळ आतां अशी आहे: आरंभीं यूयूआयडी हा शब्द, बरोबरचें चिन्ह आणि तो क्रमांक, मग तिरकी रेघ, एमएनटी, तिरकी रेघ, बॅकअप, मग एक्सट-चार, मग डीफॉल्ट्स, स्वल्पविराम, नोफेल, मग शून्य, मग दोन. हें सर्व रोमन लिपींत लिहावयाचें. त्यांत यूयूआयडी हीं चार अक्षरें मोठीं, बाकी सर्व लहान. आणि एक्सट-चार यांतील एक्सट हीं तीन अक्षरें, चार हा अंक. मोठ्या व लहान अक्षरांचा भेद लिनक्स पाळतें.

या ओळींतील नोफेल हा शब्द आपण ऐकला असेल. तिसरा धडा त्याच्यांत आहे, आणि माझ्या मतें तोच सर्वांत महत्त्वाचा. हजर कोण, हें लिहिणें सोपें आहे. गैरहजर असेल तर काय करावयाचें, हें आधीं ठरविणें अवघड.

पटांत लिहिलेलें साधन सांपडलें नाहीं, आणि ओळींत दुसरी कांहीं अट नसली, तर व्यवस्थापक सामान्यतः ९० सेकंद वाट पाहतो, आणि मग आणीबाणी जाहीर करून थांबतो. नोफेल ही अट लिहिली असेल तर तो थांबत नाहीं. 'आला तर बसवूं, नाहीं तर पुढें चलूं' असें म्हणून कारभार चालूं ठेवतो. मग ही अट सगळीकडेच लिहावी, असें आपणांस वाटेल. मलाहि तसेंच वाटलें होतें. परंतु क्षणभर विचार करा. डिस्कची तार सैल झाली, ती बसली नाहीं, संगणक मात्र हंसतमुखानें सुरू झाला. आणि रात्रीं दोन वाजतां नक्कल पुन्हा रिकाम्या कोनाड्यांत! म्हणजे दुसरी चूक टाळण्याचा उपाय आपल्याला थेट पहिल्या चुकीपाशीं नेऊन सोडतो.

यासाठीं मी असा नियम पाळतों. ज्या साधनावांचून घर चालणारच नाहीं, तें नसेल तर यंत्रानें थांबावें; तेथें नोफेल लिहूं नये. ज्याच्यावांचून घर चालतें, तें नसेल तर यंत्रानें पुढें जावें. परंतु गप्प राहूं नये. या गप्प न राहण्याची तजवीज दोन प्रकारांनीं करतां येते. पहिली, कोनाडा रिकामा असतांनाच त्याला कुलूप घालणें. सीएचएटीटीआर या आज्ञेपुढें अधिकाचें चिन्ह आणि त्याला जोडून आय हें अक्षर, आणि मग कोनाड्याचा पत्ता, असें लिहिलें म्हणजे रिकाम्या कोनाड्यांत कोणालाहि, खुद्द प्रशासकाच्या अधिकारानेंहि, नवी वस्तु ठेवतां येत नाहीं. पेटी बसली म्हणजे पेटींत मात्र खुशाल ठेवतां येते. कारण कुलूप भिंतीला आहे, पेटीला नाहीं. दुसरी, नक्कल करणाऱ्या कार्यक्रमाच्या आरंभींच माउंटपॉइंट या आज्ञेनें विचारून घेणें, कीं या पत्त्यावर पेटी खरोखर बसली आहे काय. नसेल तर नक्कल न करतां तक्रार करावी. मीं दोन्ही केलें आहे. एकदां पोळलेला माणूस ताक फुंकून पितो.

आतां फाइल बदलण्याची रीत. ही फाइल बदलण्यास प्रशासकाचा अधिकार लागतो. प्रथम तिची एक प्रत बाजूला ठेवावी. ओळ लिहून झाल्यावर संगणक ताबडतोब बंद करून सुरू करूं नये. परीक्षेला बसण्यापूर्वीं घरीं सराव करावा. फाइंडएमएनटी या आज्ञेपुढें दोन आडव्या रेघा आणि व्हेरिफाय हा शब्द लिहिला म्हणजे पट तपासला जातो आणि ढोबळ चुका दाखविल्या जातात. नंतर सिस्टिमसीटीएल या आज्ञेपुढें डीमन-रीलोड असें लिहून, पट बदलला आहे हें व्यवस्थापकाला कळवावें. मग पेटी हातानें बसविलेली असेल तर ती अमाउंट या आज्ञेनें काढावी; या आज्ञेच्या स्पेलिंगमध्यें पहिलें एन हें अक्षर नाहीं, हें विसरूं नये. शेवटीं माउंट, जागा सोडून आडवी रेघ व ए, अशी आज्ञा द्यावी. तिनें पटांतील सर्व पेट्या जागच्या जागीं बसविल्या जातात. या वेळीं यंत्र कांहीं बोललें नाहीं म्हणजे सर्व ठीक आहे असें मात्र समजूं नये. कारण नोफेल लिहिलेलें साधन सांपडलें नाहीं तरी यंत्र गप्पच राहतें. फाइंडएमएनटी पुढें कोनाड्याचा पत्ता देऊन डोळ्यांनीं पाहावें.

एवढें करूनहि कधीं तो काळा पडदा आलाच, तर घाबरूं नये. त्यांत डिस्कवरील मजकूर गेलेला नसतो. यंत्र फक्त अडून बसलेलें असतें. तें प्रशासकाचा परवलीचा शब्द मागतें. तो देऊन एफएसटॅब उघडावी आणि दोषी ओळीच्या आरंभीं हॅशचें चिन्ह घालावें. मग ती ओळ वाचली जात नाहीं. कधीं कधीं या अवस्थेंत मुख्य डिस्कवर लिहिण्याची मनाई असते. तेव्हां माउंट या आज्ञेपुढें आडवी रेघ व ओ, मग रीमाउंट, स्वल्पविराम, आरडब्ल्यू, आणि मग मूळ दरवाजाची ती एकटी तिरकी रेघ, असें लिहून आधीं परवानगी घ्यावी.

श्रोतेहो, शाळेंत हजेरी घेतांना 'हजर' हा शब्द ऐकून आम्ही पुढें जात असूं. खरें काम त्यानंतरचें; जो बोलला नाहीं तो कोठें आहे, याची चौकशी करण्याचें. घरोघरीं आज लग्नाचीं छायाचित्रें, वडीलधाऱ्यांचे आवाज, घराचे कागद अशाच पेट्यांत ठेवलेले आहेत. आपलीहि नक्कल रोज रात्रीं कोठें तरी पडत असेल. ती पेटींत पडते कीं कोनाड्यांत, हें आज एकदां उठून पाहावें. मूळ कॅसेट टाकून देण्यापूर्वीं तर अवश्य पाहावें.